नाव न घेतलेलं वावर

आमच्या घरात राग ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. वावरं दोन, ती दादाच्या आणि माझ्या वाट्याला येतील तेव्हा येतील. रागाची वाटणी मात्र जन्माआधीच झाली. बाबांच्या तो नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. दादा तो गिळतो आणि महिनोन्‌महिने रवंथ करत बसतो. मी आधी बोलते, मग विचार करते, मग कपाळावर हात मारून घेते. माय म्हणते, "एका घरात तीन फटाके, आन् मी एकटी पाण्याची बादली घेऊन उभी." खोटं नाही ते.

मी रिठदला राहते, आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम करते. कंपनीनं पुण्यातलं ऑफिस सोडलं, सगळ्यांना आपापल्या घरून काम करा म्हणाली, तशी मी गाठोडं उचलून गावी आले. गच्चीवर यासाठी, की खाली नेटवर्क येत नाही. गल्लीतल्या बाया मायला विचारतात, "तुही पोट्टी दिवसभर वर काय करून राह्यली वो?" माय सांगते, "मशीनी राखते." तशी ती बरोबर बोलते. कंपनीच्या मशीनी मी राखते, फक्त त्या मी कधी डोळ्यांनी बघितलेल्या नाहीत.

क्लाउड म्हणजे आकाशात वगैरे काही नसतं. दुसऱ्याच्या गोदामात भाड्यानं घेतलेले कॉम्प्युटर, बस. अशी गोदामं मुंबईला आहेत, सिंगापूरला आहेत, अमेरिकेत आहेत, आणि एकेका ठिकाणाला रीजन म्हणतात. आपण काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, की मशीन चालू कर, मशीन बंद कर, किती मशीनी आहेत ते दाखव. पण प्रत्येक हुकमासोबत कुठल्या रीजनमध्ये तेही सांगावं लागतं. दिवसातून शंभर वेळा "मुंबईत, मुंबईत" लिहून माणसाला वीट येतो. मग एक सोय असते: कॉम्प्युटरला एकदाच सांगून ठेवायचं, की मी जागा सांगितली नाही तर मुंबई समज. त्याला डिफॉल्ट रीजन म्हणतात, आणि ज्या एका ओळीनं ते सांगून ठेवायचं तिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ही ओळ सुरुवातीच्या फाइलीत घालून ठेवली, की खिडकी उघडल्या उघडल्या ती आपोआप वाचली जाते. त्यानंतर तुम्ही विसरून गेलात तरी ती विसरत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्या एका कंपनीत, पहिल्याच महिन्यात मी मशीनींची यादी मागवली आणि यादी आली रिकामी. एकही मशीन नाही! पायाखालची जमीन सरकली माझ्या. वाटलं, माझ्याच हातून सगळं पुसलं गेलं. जिन्यात जाऊन रडले. तेव्हाच्या माझ्या साहेबांनी खुर्ची ओढली, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि हसायला लागले. मशीनी होत्या मुंबईत आणि माझा कॉम्प्युटर शोधत होता अमेरिकेत. "वस्तू हरवली नव्हती, तू चुकीच्या घरात शोधत होतीस," म्हणाले. इतका राग आला मला त्यांच्या हसण्याचा! पण त्यांनी ती ओळ लिहून दिली आणि पुढं कितीतरी वर्षं मला रीजन असं काही असतं याचाही विसर पडला.

आता वावराकडे येते. वावर म्हणजे शेत, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आमची दोन वावरं. गावाबाहेर चिंचेपाशी रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडे खाली उतरलं की नाल्याच्या कडेचं इहिरीचं, म्हणजे विहिरीचं, वावर, उजवीकडे चढून गेलं की माळाचं वावर. पण घरात नुसतं "वावरात जातो" म्हटलं तर ते इहिरीचंच. "वावरात भाकर नेऊन दे", इहिरीच्या. "वावरात पंप राह्यला", इहिरीच्या. माळावर जायचं असेल तरच माळाचं नाव घ्यायचं. हे कोणी कोणाला शिकवलं नाही. बैलांना सुद्धा माहीत होतं. फाट्यावर कासरा सैल सोडला की ते डावीकडे वळायचे. आणि सोयाबीन म्हटलं की तेही इहिरीच्या वावरातच, मी शाळेत जायला लागले तेव्हापासून.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी ते बदललं. "त्याच त्या जागी सोयाबीन पिवयं पडून राह्यलं," म्हणाले, आणि इहिरीच्या वावरात पऱ्हाटी लावली, म्हणजे कपाशी, आणि सोयाबीन नेलं माळावर. मायला माहीत होतं, निंदायला येणाऱ्या बायांना माहीत होतं. मला पुण्यात फोनवर सांगितलं होतं. एका दादाला तेवढं कोणी सांगितलं नाही. दादाचं रिसोडला पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. पेरणीच्या दिवसांत विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची त्याच्याकडे रांग लागते. तो सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर घरी यायचा. कोणाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

पेरणी झाली की दोन दिवसांत, बी उगवायच्या आत, जमिनीवर गवताचं औषध मारतात. बाबा त्या दिवशी शिरपूरला होते. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तिच्यापाशी बसायला. तिथून त्यांनी दादाला फोन केला. "सोयाबीनचं औषध घेऊन ये आन् वावरात मारून दे. उद्यापरेंत मारा लागते." दादा दुकान बंद करून आला, पाठीवर पंप घेतला आणि फाट्यावरून डावीकडे वळला. पावसाच्या सरीनं तासं बुजलेली, सगळीकडे नुसती काळी माती; खाली सरकी आहे का सोयाबीन, ते मातीकडे बघून कोणाला कळणार? अख्खं वावर त्यानं एकट्यानं फवारलं. घरी येऊन मायला म्हणाला, "बाबाले सांग, झालं म्हणा." आनंदानं सांगितलं होतं त्यानं.

सोयाबीनचं औषध कपाशीला मारक. बाराव्या दिवशी इहिरीच्या वावरात पिवळी, करपलेली रोपं उभी होती, तीही कुठं कुठं. बाबांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, औषधाचा रिकामा डबा बघितला आणि तिथून जे निघाले ते सरळ पारावर, जिथं दादा चार लोकांत बसला होता.

"डोये फुटले होते का तुये?" बाबा म्हणाले. "बैलालेही इतकं समजते!"

दादा उभा राहिला. "तुमी म्हणले वावरात मार. वावर म्हणजे इहिरीचं. आजपरेंत तेच होतं."

"दुसऱ्याच्या लेकराले सांगतलं असतं तं त्यानं एक डाव इचारलं असतं! तू आजपासून माह्या वावरात पाय ठेवू नोको."

"कोणत्या वावरात?" दादानं विचारलं. म्हणजे, आता विचारलं.

"कोणत्याच नाई!"

त्या आठवड्यात दादानं रिसोडला खोली केली. वहिनी पोरांना घेऊन गेली. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, पण तीन वर्षांत तो एकदाही रिठदला आला नाही. पऱ्हाटी मोडून बाबांनी तिथं दुसरं पेरलं, तेही आलं आणि निघालं. वावराला काय, ते भरून निघतं. दादाची जागा भरून निघाली नाही. आणि मी काय केलं ते पण सांगते, लपवून काय उपयोग! त्या दिवशी पुण्याहून दादाला फोन करून मी म्हणाले होते, "अरे दादा, एकदा विचारायचं तरी होतं ना." तो "हाव" म्हणाला होता, इतकंच. एवढ्या मोठ्या चुलीत माझीही एक काडी होती.

बाजाराच्या दिवशी माय जीपनं रिसोडला जायची आणि पिशवीत दादासाठी काहीतरी असायचं. बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. हिवाळ्यात ते स्वतः हरभऱ्याचा हिरवा ढाळा उपटून आणून मायच्या पिशवीशेजारी ठेवायचे. "बाजारात कोणाले द्याचा असला तं दे," भिंतीकडे बघून म्हणायचे. कोणाला म्हणजे कोणाला, ते कधी बोलले नाहीत. माय परत आली की मात्र ओट्यावर अडकित्ता घेऊन बसायचे आणि ती काय सांगते ते ऐकायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. मला माझा भाऊ घरी पाहिजे होता. पण बाबांना सांगायला गेलं तर पालथ्या घड्यावर पाणी.

आता यंदाची गोष्ट. उन्हाळ्याच्या शेवटी कंपनीनं आमच्या मशीनी इकडच्या तिकडे केल्या. आजवर मुंबईत आमच्या नुसत्या चाचणीच्या मशीनी असायच्या, मोडल्या तरी चालतील अशा. गिऱ्हाइकांचं खरं काम अमेरिकेत चालायचं. नव्या व्यवस्थेत खरं काम मुंबईला आलं आणि चाचणीच्या मशीनी गेल्या सिंगापूरला. हे सगळं मीच केलं. माझ्या कॉम्प्युटरवरची ती ओळ बदलून मी सिंगापूर केली आणि मोकळी झाले.

आमच्यासोबत कोल्हापूरच्या एक ताई काम करतात. माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, पोरं शाळेत जायला लागल्यावर परत कामाला लागल्या. शांत बाई. मशीनी हलवल्या तेव्हा त्या सुटीवर होत्या. परत आल्या त्या दिवशी सकाळी मी त्यांना फोनवर म्हणाले, "ताई, चाचणीच्या वापरून झालेल्या मशीनी साफ करून टाका. माझा तो झाडू आहे ना, तो चालवा." झाडू म्हणजे मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम, तो डिफॉल्ट असेल त्या रीजनमध्ये जातो आणि दिसतील त्या मशीनी काढून टाकतो. चाचणीच्या जागेत काढायला भीती कसली, म्हणून तो काही विचारत नाही. असा बिनबोभाट झाडू लिहिल्याबद्दल मला तेव्हा कोण कौतुक होतं स्वतःचं!

दहा मिनिटांत फोन वाजायला लागले. गिऱ्हाइकांचं सगळं काम ठप्प. मी मुंबईची यादी मागवली, ती आली रिकामी. यावेळी मी बरोबर घरात बघत होते आणि घर खरंच रिकामं होतं.

बाबा तेव्हा गच्चीवरच होते. पेरणीच्या आधी ते सोयाबीनचं बी तपासतात. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात रांगेनं मांडायचे, पोतं गुंडाळून ठेवायचं, आणि चार-पाच दिवसांनी उलगडून किती उगवले ते बघायचं. ते माझ्या खोलीच्या दारात उकिडवे बसून दाणे मोजत होते. आणि मी ताईंना फोन लावला आणि ओरडले. काय ओरडले?

"डोळे फुटले होते का तुमचे? कुठं झाडू मारताय ते बघायचं नाही? एकदा विचारता येत नाही?"

दाणे मोजणारा हात थांबलेला मला दिसला. पण मी रागात होते, मला कसलं भान! पलीकडून ताई म्हणाल्या, "अगं, तू दिलेली फाइल आहे ती. मी त्यात काही बदललं नाही." आवाज रडवेला होता त्यांचा.

आधी मशीनी उभ्या करणं भाग होतं. माहितीची साठवण वेगळ्या जागी होती, ती शाबूत राहिली म्हणून निभावलं. दोन तास आम्ही दोघी एक शब्द इकडचा तिकडचा न बोलता काम करत राहिलो. काम परत सुरू झाल्यावर मी ती फाइल उघडली. मी कंपनीतल्या प्रत्येक नव्या माणसाला देते ती फाइल. त्यात ती ओळ होती: डिफॉल्ट रीजन, मुंबई. तिच्या डोक्यावर माझ्याच हातची सूचना: "हे एकदा लिहून ठेवा, मग जागा परत परत सांगायची गरज नाही." व्यवस्था बदलली तेव्हा मी माझ्या कॉम्प्युटरवर ओळ बदलली, पण दुसऱ्यांना दिलेली ओळ तशीच राहू दिली. मी "चाचणीच्या मशीनी" म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात सिंगापूर होतं. त्यांच्या कॉम्प्युटरात मुंबई. दोघींचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि जागा बदलणारी मी होते.

मला पार दिसत होता, दादा दिसत होता, पारावर उभा राहून "आजपरेंत तेच होतं" म्हणणारा. एवढी शिकले, एवढ्या मशीनी राखते, आणि तोंड उघडलं की बाबा बाहेर येतात. खाण तशी माती!

मी ताईंना परत फोन लावला. पत्र्याखाली उकडत होतं म्हणून दारात येऊन उभी राहिले. बाबा तिथंच होते, पोतं गुंडाळून त्यावर पाणी शिंपडत. मला वाटलं, यांच्यासमोर नको, खाली जाऊन बोलावं. पण खाली नेटवर्क नाही. मग म्हटलं, समोर तर समोर.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "जागा मी बदलली आणि तुम्हाला सांगितलं नाही. काम सांगतानाही जागेचं नाव घेतलं नाही. तुम्ही नेहमी जिथं करता तिथंच केलंत. साहेबांना मी तसंच कळवते आहे. आणि ओरडले त्याबद्दल मला माफ करा. तसं बोलायला नको होतं मी."

"असू दे गं," ताई म्हणाल्या. मग, "पण बरं केलंस बोललीस ते. मी आज भाजी चिरताना सुद्धा रडत होते."

फोन ठेवला. बाबांनी विचारलं, "काय झालं होतं वो बाई?"

मी सांगितलं. त्यांना कळेल तसं सांगितलं, आणि देवाशप्पथ, मी मुद्दाम टोमणा मारायला सांगितलं नाही. दुसरा कुठला दाखला सुचेचना. "बाबा, समजा दोन वावरं हायत. मी काम सांगतलं, पण कोणत्या वावरात ते नाई सांगतलं. त्या बाईले वाटलं, नेहमीचं. अन् नेहमीच्या वावरात मी या डाव दुसरं पेरून ठेवलं होतं." बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं मी काय बोलतेय.

बाबा पोत्याची सुतळी बांधत होते. गाठ बसली होती, तरी परत सोडली, परत बांधली.

"मंग तुनं तिले माफी मांगली," ते म्हणाले.

"हाव."

"तुह्यापेक्षा लहान हाय का मोठी?"

"मोठी हाय. पण लहान असती तरी मांगली असती, बाबा. चूक तर माही होती."

ते उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मायनं मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी मान हलवली. मला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. म्हटलं, तीन वर्षांपूर्वी मी तुला जे म्हणाले ते चुकीचं होतं. तू विचारायला पाहिजे नव्हतं, सांगणाऱ्यानं सांगायला पाहिजे होतं. तो हसला. मागं दुकानात कुठलीतरी मोटार घरघरत होती.

"तुहं काई नाई वो," तो म्हणाला. "तू कायले मनाले लावून घेते?"

"मग घरी ये ना दादा."

मोटार बंद केल्याचा आवाज आला. "येतो. मले काई दुसरं नोको. बाबानं एक डाव म्हणाव, की मोठ्या, चूक तुही नव्हती. चार लोकांत नोको म्हणू दे, मले एकट्याले म्हणू दे. तेवढ्यासाठी मी थांबून राह्यलो." आणि मग मोटार परत चालू झाली.

एक वाक्य. आता हे वाक्य बाबांच्या तोंडून काढायचं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. आयुष्यात त्यांनी कोणाची माफी मागितल्याचं मायलाही आठवत नाही. मायला मी सांगितलं तशी ती म्हणाली, "तू नोको बोलू मधात. तुह्या बोलण्यानं अजून बिघडते." हेही खोटं नाही. मी जिभेला गाठ मारली आणि गप्प राहिले. माझ्यासारखीला ते किती अवघड, हे माझं मलाच ठाऊक.

पेरणी झाली. यंदा इहिरीच्या वावरात पऱ्हाटी, माळावर सोयाबीन, म्हणजे परत तसंच. दादा रिसोडला राहायला गेल्यावर दरवर्षी औषध मारायला बाबा मजूर बोलावायचे. यंदा पेरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर आले. मी कामाला बसले होते, कानात ताईंचा आवाज. आता आम्ही दोघी कुठलंही काम करायच्या आधी जागेचं नाव मोठ्यानं घेतो आणि दुसरी ते परत म्हणून दाखवते. झाडू सुद्धा आता आधी विचारतो, कुठल्या रीजनमध्ये, आणि उत्तर दिल्याशिवाय हलत नाही. बाबा दारात उभे राहिले.

"मोठ्याले फोन लाव," ते म्हणाले.

मला आधी खरंच वाटेना. ताईंना थांबायला सांगितलं, हेडफोन टेबलावर ठेवला आणि माझ्या फोनवरून दादाला लावला. बाबांना एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी तळहातावर आडवा धरला.

"हॅलो," दादा म्हणाला. त्याला वाटलं मी आहे. "बोल वो."

"मी बोलून राह्यलो," बाबा म्हणाले.

पलीकडे घरघरणारी मोटार बंद झाली. मग दादा म्हणाला, "हाव बाबा."

"औषध माराचं हाय. आयक. सोयाबीन माळाच्या वावरात हाय. इहिरीच्या वावरात पऱ्हाटी हाय. सोयाबीनचं औषध माळाच्या वावरात माराचं. समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं? सांग."

"सोयाबीनचं औषध, माळाच्या वावरात," दादा म्हणाला.

"हां." बाबांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चिंचेच्या दिशेनं. "त्या साली मी नाव नाई घेतलं. वावरात मार म्हणलं, आन् कोणत्या ते नाई म्हणलं. वावर मी बदललं होतं. चूक माही होती, मोठ्या. तुही नव्हती."

मी दाराची चौकट धरली. फोनमधून दादानं नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि तो म्हणाला, अगदी लहानपणी म्हणायचा तशा आवाजात, "मंग मी कोणत्या वावरात येऊ, बाबा?"

"आधी घरी ये," बाबा म्हणाले. "वावराचं मंग पाहू."

फोन माझ्या हातात देऊन ते जिना उतरले. खाली त्यांनी मायला सांगितलेलं मला ऐकू आलं: "मोठा येऊन राह्यला. जेवाले हाय." माय काय म्हणाली ते कळलं नाही. पण मग तिनं भांडं पाडलं, आणि आमच्या मायच्या हातून भांडं कधी पडत नाही.

दादा तासाभरात आला. मोटारसायकलच्या मागं औषधाचा डबा बांधलेला. माय त्याच्या गळ्यात पडली. बाबा ओट्यावरून उठले नाहीत. दादा पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "केस पिकले बे तुये." बस, एवढंच बोलणं. जेवणं झाल्यावर बाबांनी डबा उन्हात धरला, चष्मा लावून त्यावरची अक्षरं एकेक वाचली आणि म्हणाले, "हे सोयाबीनचं." दादा म्हणाला, "हाव, सोयाबीनचं." "मीबी येतो," बाबा म्हणाले आणि त्याच्या मागं मोटारसायकलवर बसले.

मी कामाला परत वर आले होते, ताई परत फोनवर होत्या. गच्चीवरून चिंचेचा फाटा दिसतो. मोटारसायकल तिथं थांबली. दादानं मान वळवून काहीतरी विचारलं. बाबांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. दुसरा हात लांब करून त्यांनी उजवीकडचा, माळाचा रस्ता दाखवला. दादानंही तसाच हात करून दाखवला. मग गाडी उजवीकडे वळून चढायला लागली.

मी रडत होते, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

"हॅलो?" हेडफोनमधून ताई म्हणाल्या. "अगं, तुझा आवाजच येईना. नेटवर्क गेलं काय?"

"नाही ताई," मी म्हणाले. "नेटवर्क आहे."